लढाईला बरा, घराला नको

माझ्या लहानपणी आमच्या ओट्यावर चर्चिलचं नाव निघालं नाही, अशी एकही दिवाळीची सुट्टी मला आठवत नाही. गाव खटाव तालुक्यातलं, वडूजपासून एसटीनं अर्ध्या तासावर. ओट्याच्या एका टोकाला आजोबा, मराठा पलटणीतून इटलीत लढून आलेले. दुसऱ्या टोकाला आजीचे भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा. बेचाळीस साली ते घर सोडून नाना पाटलांच्या प्रतिसरकारात गेले आणि पुढची तीन वर्षं उसाच्या फडात नाहीतर डोंगराच्या कपारीत झोपले. दोघांच्या मध्ये पानाचा डबा.

"दाजी, तुमच्या त्या चर्चिलनं माणसं मारली. लढाईत न्हवं, घरात बसून." सुपारी कातरता कातरता मामाआजोबा सुरुवात करायचे.

"पाव्हणं, त्यो नसता तर हिटलर हितवर आला असता. मग तुमचं सरकार कुणाम्होरं हुबं ऱ्हायलं असतं?"

आवाज चढत चढत जायचे आणि मग आतून आजी चहाचे कप घेऊन यायची. आजीच्या घरात एकीकडे नवऱ्याची पदकं होती आणि दुसरीकडे भावाच्या नावाचं पकड वॉरंट. त्या तीन वर्षांत ती कशी झोपली असेल, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला.

मी कायम मामाआजोबांच्या बाजूची. लहान मुलीला जंगलात लपणारा माणूस पलटणीत रांगेत चालणाऱ्या माणसापेक्षा जास्त आवडणारच. शिवाय वडूजच्या हुतात्म्यांची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक मुलाला पाठ असते. सप्टेंबर १९४२ मध्ये परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी तिरंगा घेऊन वडूजच्या कचेरीवर गेले आणि गोळ्या खाऊन पडले. पुढे मोठेपणी मी वाचलं, की त्याच सप्टेंबरात तिकडे लंडनमध्ये भारतमंत्री लिओ अ‍ॅमरी यांनी आपल्या डायरीत चर्चिलचे उद्गार टिपून ठेवले होते: मला हिंदी लोकांचा तिटकारा आहे, पाशवी लोक, पाशवी धर्म. हे चर्चिलच्या शत्रूनं लिहिलेलं नाही, त्याच्याच मंत्र्यानं लिहिलं आहे. मी ते वाचलं तेव्हा मामाआजोबा हयात नव्हते. असते तर त्यांनी सुपारी बाजूला ठेवली असती आणि नुसतं दाजींकडे बघितलं असतं.

पण आजोबांकडे एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या ओट्यावर कुणाकडेच नव्हतं.

मे १९४५ च्या सुरुवातीला इटलीतली लढाई संपली. आजोबांची पलटण लगेच परतली नाही. हिंदी ब्रिगेडमध्ये तीन पलटणी असायच्या, त्यातली एक बहुतेक वेळा गोऱ्यांची. एका दुपारी शेजारच्या गोऱ्या पलटणीतले शिपाई झाडाखाली बसून कागद भरताना आजोबांनी पाहिले. अंगात सदरा नाही, कागद गुडघ्यावर धरलेले. त्यांच्यातला एक सार्जंट आजोबांच्या ओळखीचा होता. आजोबांनी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाला, विलायतेत निवडणूक आहे, मत देतोय. कुणाला? चर्चिलच्या विरोधात. आजोबांना वाटलं आपलीच ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्या सार्जंटनं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत जे सांगितलं ते आजोबा जन्मभर आपल्या बोलीत सांगत आले: "लढाईला बरा, घराला नगं." एवढं बोलून त्यानं जीभ बाहेर काढली, पाकिटाची कड ओली केली, बोट फिरवून पाकीट चिकटवलं. हे चिकटवणं आजोबा दरवेळी करून दाखवायचे.

"ज्यानं जितून दिलं त्येलाच पाडलं," ते म्हणायचे. "खाल्ल्या मिठाला जागली न्हाईत."

पलटणीतल्या माणसाच्या लेखी याहून मोठा दोष नाही. यशवंत घाडगे त्यांच्याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४ ला तायबर नदीच्या खोऱ्यात सगळे साथी पडल्यावर एकटे मशीनगनवर चालून गेले आणि गेले. बावीस वर्षांचं वय. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीनं घेतला. अशा पोरांसोबत राहिलेल्या माणसाला, आपला सरसेनापती त्याच्याच देशानं लढाई जिंकल्यावर तीन महिन्यांच्या आत घरी पाठवला, हे समजणं कठीण होतं. चर्चिलच्या धोरणाचा त्यांना राग येणं जास्त स्वाभाविक होतं खरं तर, कारण इटलीच्या डोंगरातून वर चढत जाण्याचा हट्ट बराचसा चर्चिलचाच. पण शिपाई हट्टाचा हिशेब मागत नाही.

आजोबा गेले, मामाआजोबा गेले. मी फिजिओथेरपी शिकले आणि २००४ साली नोकरीसाठी साउथ वेल्समध्ये गेले. कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणी तोवर जवळजवळ सगळ्या बंद झालेल्या, पण माणसांच्या छातीत कोळसा तसाच होता.

छातीच्या विभागात माझ्याकडे एक म्हातारे गृहस्थ यायचे. वय ब्याऐंशी. त्यांच्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करायचा आणि श्वासाचे व्यायाम करून घ्यायचे, हे माझं काम. पहिल्या दिवशी मी त्यांचे हात पाहिले आणि मला वाटलं गोंदवलंय. मनगटापासून बोटांपर्यंत निळ्या बारीक रेघा, एक कपाळावरही. नंतर कळलं, खाणीत खरचटलं की जखमेत कोळशाची पूड जाते आणि कातडी तिच्यावरूनच भरून येते. ती रेघ मग मरेपर्यंत निळीच. ते मला 'बाख' म्हणायचे. वेल्श भाषेत लहानग्याला लाडानं म्हणतात तसं.

एकदा बोलता बोलता मी सांगितलं, माझे आजोबा इटलीत लढले. आणि मनात इतकी वर्षं साठून राहिलेलं तेही विचारलं: पंचेचाळीस साली तुम्ही मत दिलं होतं का? चर्चिलला पाडलं ते का?

ते थांबले. श्वास घेतला. मग म्हणाले, आम्ही चर्चिलला पाडलं नाही, आम्ही एकोणीसशे तीसचं दशक पाडलं.

पुढचे तीनचार आठवडे व्यायाम कमी आणि गोष्टीच जास्त झाल्या. त्यांचे वडील टोनीपॅन्डीचे. नोव्हेंबर १९१० मध्ये तिथे खाणकामगारांचा मोठा संप झाला, दुकानं फुटली, आणि तेव्हा गृहमंत्री असलेल्या चर्चिलनं लंडनचे पोलीस आणि पाठोपाठ फौज पाठवली. "चर्चिलनं आमच्यावर गोळ्या घातल्या" असं त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हे मी नंतर तपासून पाहिलं. टोनीपॅन्डीत फौजेच्या गोळीनं कुणी मेलं नाही; एक कामगार डोक्याला मार बसून गेला आणि फौज पाठवण्याआधी चर्चिल सुरुवातीला अडखळलाही होता. गोळ्या सुटल्या त्या पुढच्या वर्षी लानेथ्लीला, रेल्वेच्या संपात, आणि दोन तरुण पोरं मेली. लोकांच्या आठवणीत दोन गावं आणि दोन वर्षं एकमेकांत मिसळून गेली. मी त्यांना हे हळूच सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, गाव चुकलं असेल, बाख, माणूस चुकलेला नाही.

मग तीसचं दशक. वडील बेकार. भत्ता हवा तर सरकारी माणूस घरी यायचा आणि घरातल्या वस्तू मोजायचा. 'मीन्स टेस्ट' म्हणत तिला. खुर्च्या जास्त असतील तर आधी त्या विका, मोठा मुलगा चार पैसे मिळवत असेल तर तेवढे भत्त्यातून कापा. त्या माणसानं त्यांच्या आईचं कपाट उघडून चादरी मोजल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांचा माणूस हे सांगताना दाराकडे बघत होता, जणू तो अजून दारात उभा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर शूरांना साजेशी घरं देऊ असं वचन मिळालं होतं आणि त्यांच्या वडिलांच्या वाट्याला चादरी मोजणारा माणूस आला. दुसऱ्या वेळी लोकांनी वचनावर विश्वास ठेवला नाही, एवढंच. विन्स्टन चर्चिल मोठा की लहान हा प्रश्न ५ जुलै १९४५ ला मतपत्रिकेवर नव्हताच. परदेशातल्या शिपायांची मतं यायची म्हणून मोजणी तीन आठवडे थांबली. त्यातच आजोबांच्या त्या सार्जंटचं पाकीट होतं. २६ जुलैला निकाल लागला. ६४० जागांपैकी ३९३ मजूर पक्षाच्या. पॉट्सडॅमला स्टॅलिन आणि ट्रूमन यांच्याबरोबरची बैठक अर्धी सोडून चर्चिल निकालासाठी लंडनला आला होता. उरलेल्या बैठकीला मजूर पक्षाचे नवे पंतप्रधान अ‍ॅटली गेले.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते, कारण चर्चिलचे भक्त आणि चर्चिलचे वैरी दोघंही ते गाळतात. चर्चिल आणि समाजवाद हे दोन वेगळ्या घरांतले शत्रू नव्हते. एकाच घरात वाढले. मे १९४० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हाताखाली काम करायला मजूर पक्षानं नकार दिला म्हणून चर्चिलचा मार्ग मोकळा झाला. त्याच महिन्याच्या २६ ते २८ तारखांना, फ्रान्स कोसळत असताना, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्सचं म्हणणं होतं की मुसोलिनीच्या मध्यस्थीनं तहाच्या अटी तरी विचारून पाहाव्यात. युद्धमंत्रिमंडळ पाच जणांचं. चर्चिल नको म्हणत होता, आणि त्याच्या बाजूनं ठाम उभे राहिले ते अ‍ॅटली आणि ग्रीनवुड, दोघंही मजूर पक्षाचे. त्या तीन दिवसांत चर्चिल मोडला असता तर पुढचं जग काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. आजोबांचं हे म्हणणं मी आता पूर्णपणे मान्य करते. ओट्यावर केलं नाही, याचं वाईट वाटतं.

आणि मग पाच वर्षं चर्चिल नकाशासमोर उभा होता तेव्हा घर कोण चालवत होतं? उपपंतप्रधान अ‍ॅटली, मजूरमंत्री बेव्हिन, गृहमंत्री मॉरिसन. रेशनच्या पुस्तकावर उमरावाला आणि हमालाला लोणी सारखंच. पोरांना दूध. खाणीत कुणी उतरायचं, कारखान्यात कुणी जायचं हे सरकार ठरवणार. लढण्यासाठी सरकार हे सगळं करू शकतं, तर जगण्यासाठी का नाही, हा प्रश्न पुस्तकातून आला नाही, तो लोण्याच्या रांगेत आला. डिसेंबर १९४२ मध्ये सर विल्यम बेव्हरिजचा सामाजिक विम्यावरचा अहवाल निघाला तेव्हा त्या रुक्ष सरकारी कागदाच्या आणि त्याच्या सारांशाच्या सहा लाखांवर प्रती विकल्या गेल्या. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती, बेकारी असे पाच राक्षस त्यानं नावं घेऊन पुढे उभे केले. चर्चिलनं मार्च १९४३ च्या भाषणात स्वतःच पाळण्यापासून थडग्यापर्यंतच्या विम्याची भाषा केली. तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, मजुरांना काम शोधून देणारी सरकारी केंद्रं सुरू करण्यात त्याचाच पुढाकार होता. म्हणजे हा माणूस या कल्पनेला परका नव्हता. आणि तरीही ४ जून १९४५ ला रेडिओवर तो म्हणाला की समाजवाद आणायचा तर गेस्टापोसारखं काहीतरी आणावंच लागेल. पाच वर्षं ज्यांच्या खांद्याला खांदा लावून हिटलरशी लढला त्यांनाच हे. दुसऱ्या दिवशी अ‍ॅटलींनी शांतपणे उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा, की युद्धातला थोर नेता चर्चिल आणि हुजूर पक्षाचा पुढारी चर्चिल यांतला फरक मतदारांना कळावा, हाच कालच्या भाषणाचा हेतू दिसतो.

लढाईला बरा, घराला नको. सार्जंटनं झाडाखाली सांगितलं ते हेच.

त्या म्हाताऱ्यांनी पहिलं मत त्या निवडणुकीत दिलं. वय बावीस. तीन वर्षांनी, ५ जुलै १९४८ ला, सगळ्यांना फुकट उपचार देणारी आरोग्यसेवा सुरू झाली. ती उभी करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन हा शेजारच्याच ट्रेडेगरचा, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. ट्रेडेगरला कामगार दर आठवड्याला पगारातले थोडे पैसे घालून स्वतःचे डॉक्टर ठेवत. बेव्हननं तीच कल्पना देशभर नेली. यांच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा तपासून केलेला चष्मा मिळाला. आधीचा बाजारातला. ट्रेमध्ये चष्मे मांडलेले असत, एकेक डोळ्यांवर लावून बघायचा, त्यातल्या त्यात बरं दिसेल तो घ्यायचा. नवा चष्मा लावून ती खिडकीपाशी गेली आणि समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या मोजत राहिली. मोजून झाल्यावर परत पहिल्यापासून मोजल्या. मला ही गोष्ट सांगताना ते बोटानं हवेत मेंढ्या मोजत होते, निळ्या रेघांच्या बोटानं.

मी त्या दिवशी घरी गेले आणि आजोबांसाठी रडले. इतकं साधं उत्तर होतं. मिठाचा प्रश्नच नव्हता.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. बेव्हरिजचं चरित्र चाळताना मला एक ओळ सापडली. पाळण्यापासून थडग्यापर्यंतची काळजी कागदावर उतरवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पाळणा हलला होता रंगपूरला. बंगालमधलं रंगपूर, आता बांगलादेशात. वडील तिथे आयसीएस अधिकारी, जन्म १८७९ चा. त्याचा अहवाल लंडनमध्ये हातोहात खपत होता त्याच हिवाळ्यात बंगालमध्ये तांदळाचे भाव चढायला लागले होते.

त्रेचाळीसचा बंगालचा दुष्काळ. मेलेल्यांचे आकडे पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत. ब्रह्मदेश जपाननं घेतला तिथून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी आले तर त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारनंच किनाऱ्याकडचा तांदूळ उचलला आणि हजारो होड्या ताब्यात घेतल्या, मोडल्या. कोळी आणि शेतकरी दोघांचेही हात गेले. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ. त्यावर लष्करी खर्चानं भडकलेली महागाई आणि कलकत्त्याच्या कारखान्यांना आधी धान्य द्यायचं धोरण. तेव्हा लहान मुलगा असलेल्या अमर्त्य सेन यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे आकड्यांनिशी मांडलं, की प्रश्न देशात धान्य किती होतं हा नव्हता, ते घ्यायची ऐपत कुणाकडे उरली होती हा होता. १९४३ च्या मध्याला व्हाइसरॉयनं पाच लाख टन धान्य मागितलं. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळानं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकंच द्यायचं ठरवलं. जहाजं नव्हती असं सांगितलं गेलं, आणि जहाजांची तंगी खोटी नव्हती. एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलनं रूझवेल्टकडे गव्हासाठी जहाजं मागितली आणि त्यानं नकार दिला, हेही खरं. पण तोवर माणसं मरून गेली होती.

चर्चिलनं ठरवून तीस लाख मारले, असं मामाआजोबा म्हणायचे. मी ते वाक्य आता वापरत नाही. टोनीपॅन्डीसारखंच आहे ते. गावाचं नाव नीट सांगायला हवं. पण त्या म्हाताऱ्यांचं वाक्य मला इथेही लागू वाटतं. मरणाऱ्या माणसांबद्दल ज्याच्या मनात तिटकारा आहे त्याच्या हातात जहाजांची यादी असते, तेव्हा जहाज कुठल्या बंदराकडे वळत नाही हे ठरायला हुकूम लागत नाही. जुलै १९४४ मध्ये, बंगालच्या प्रेतांची राख निवली नव्हती तेव्हा, व्हाइसरॉय वेव्हेलनं डायरीत लिहून ठेवलं आहे की चर्चिलची तार आली, गांधी अजून मेले कसे नाहीत असं विचारणारी. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई आणि कस्तुरबा दोघांच्या समाध्या तोवर झालेल्या होत्या. मी तिथे प्रत्येक भारतवारीत जाते. फाटकाबाहेर नगर रस्त्याची गर्दी आणि आत त्या दोन समाध्या.

आणि मामाआजोबांना आवडलं नसतं असंही एक सांगायला हवं. त्या युद्धमंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती अ‍ॅटली बसलेले होते. बेव्हिन होते, मॉरिसन होते. वेल्सच्या पोरांना दूध मिळावं म्हणून झटणारी हीच माणसं. त्यांच्यातल्या कुणी बंगालसाठी राजीनामा टाकला नाही. हेच अ‍ॅटली १९२८ साली सायमन कमिशनचे सदस्य म्हणून मुंबईला उतरले होते आणि काळे झेंडे त्यांनाही दाखवले गेले होते. पुढे त्यांनीच स्वातंत्र्य दिलं. चर्चिल असता तर ते सत्तेचाळीसला मिळालं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फाळणीची घाईही त्यांच्याच सरकारची. युद्धखर्चापोटी ब्रिटन हिंदुस्थानचं एक अब्ज पौंडांहून जास्त देणं लागत होतं, तेही लंडनमध्येच अडकून पडलं आणि हप्त्याहप्त्यानं सुटलं. तोच काळ आरोग्यसेवा उभी राहण्याचा. यशवंत घाडग्यांच्या रेजिमेंटचा खर्च आणि वेल्समधल्या त्या माउलीचा चष्मा एकाच तिजोरीतून येत-जात होते. मी त्या सेवेत वीस वर्षं नोकरी केली. तिच्यावर माझं प्रेम आहे, माझी दोन्ही बाळंतपणं तिथेच झाली. म्हणूनच हे बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

लोक म्हणतात चर्चिलबद्दल अजून वाद कशाला. २०२० साली लंडनच्या पार्लमेंट चौकातल्या त्याच्या पुतळ्यावर कुणीतरी 'वंशवादी' असं रंगवलं, मग पुतळा पेटीत बंद करून ठेवला, आणि महिनाभर माझ्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. एक म्हणायचा पाडा, दुसरा म्हणायचा तोच नसता तर तू नसतास. मला सारखा आमचा ओटा आठवत होता. आणि तेव्हा मला उमगलं की आमच्याकडे हा वाद मिटत का नाही. त्या खाणकामगारांनी आपला हिशेब चुकता केला होता. चादरी मोजल्याचा, लानेथ्लीच्या पोरांचा, सगळा. एका कागदावर, एका गुरुवारी. म्हणून ते चर्चिलबद्दल शांतपणे बोलू शकत होते, लढाईतलं त्याचं मोठेपण मान्यही करू शकत होते. बंगालच्या माणसांना असा कागद कुणी दिला नाही. वडूजच्या माणसांना दिला नाही. आजोबांनाही नाही, त्यांनी दुसऱ्याला तो भरताना पाहिलं. दर दिवाळीला ओट्यावर चालायचा तो वाद म्हणजे आमच्या घराचं राहून गेलेलं मत होतं.

त्या म्हाताऱ्यांना मी शेवटी शेवटी चर्चिलच्या खांद्याची गोष्ट सांगितली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये, घोडदळातला एकवीस वर्षांचा पोरगा असताना, तो मुंबईला ससून डॉकवर उतरत होता. होडी लाटेवर वरखाली होत होती. ओल्या दगडी पायऱ्यांपाशी भिंतीतली लोखंडी कडी त्यानं धरली आणि त्याच क्षणी होडी खाली गेली. उजवा खांदा निखळला. खांदा एकदा असा निखळला की त्याची पिशवी सैल पडते आणि तो पुन्हा पुन्हा निखळतो, हे मी रोज पाहते. चर्चिलचा जन्मभर त्रास देत राहिला; सुदानच्या लढाईत त्यानं तलवारीऐवजी पिस्तूल वापरलं ते त्यामुळेच. हे ऐकून म्हातारे इतके हसले की खोकल्याची उबळ आली, मला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, म्हणजे तुमच्या गावानं त्याला आधीच एक मत दिलं होतं. आणि पुढे विचारलं, "तुझ्या आजोबांना मिळालं का कधी?"

मिळालं, मी म्हटलं. बावन्न साली.

ती गोष्ट आजीची. शाळेच्या खोलीत मतदान होतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पत्र्याची, वर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. चिठ्ठी हवी त्या पेटीत टाकायची. मामाआजोबा लाल बावट्याचे, ते सकाळीच टाकून आले होते. आजोबा पदकं लावून गेले. पडद्याआड गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. अधिकाऱ्यानं दोनदा हाक मारली. बायकांच्या रांगेत आजीचा जीव वरखाली. शेवटी आले. मामाआजोबा फाटकापाशी वाट बघत उभेच होते.

"दाजी, कुणाला टाकलं?"

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. जीभ बाहेर काढली, नसलेल्या पाकिटाची कड ओली केली, बोट फिरवून ती नीट चिकटवली, आणि घराकडे चालू लागले.